पाणमांजरी, खेकडा आणि अडलेला ओढा

प्राणहिता नदी जिथे गोदावरीला येऊन मिळते, त्याच्या थोडे खाली काठाने दाट सागवानी जंगल आहे. त्या जंगलात, अर्जुनाच्या एका झाडाच्या मुळांखाली बीळ करून एक पाणमांजरी आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. बिळापुढेच एक खोल डोह होता. पाणमांजरीने बुडी मारायची आणि चमचमता मासा घेऊन वर यायचे, इतके तिचे दिवस सुखाचे होते. या सुखाबरोबर तिला थोडा ताठाही आला होता. पिल्लांचे अंग चाटता चाटता ती म्हणायची, "आपण साध्यासुध्या पाण्यातले नव्हे हं! आपण गोदावरीचे. एवढी मोठी नदी दुसरी दाखवा कुणी!"

त्या डोहात एका बाजूने डोंगरातला एक छोटा ओढा येऊन मिळे. ओढ्यात एक खेकडा राहत होता. गडी मोठा बोलका. येता-जाता तो हाक मारी, "काय मावशी, आमच्या ओढ्याचं पाणी कसं लागतंय?"

"ओढा कसला तो!" पाणमांजरी नाक उडवून म्हणे. "पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात शेपटीएवढा. तू आपला तिकडेच बरा."

खेकड्याला राग कधी येत नसे. तो म्हणे, "शेपटीएवढा तर शेपटीएवढा, पण थांबत नाही बघा!"

थंडी सरता सरता एकदा मोठे वादळ झाले आणि ऐनाचे एक वाळके झाड नेमके ओढ्याच्या अरुंद जागी आडवे पडले. त्याला पाला अडकला, पाल्याला माती अडकली. बघता बघता बांधच तयार झाला. ओढ्याचे पाणी बाजूच्या खळग्यात पसरून जमिनीत मुरू लागले. खेकडा तिरका तिरका धावत डोहावर आला.

"मावशी, ओढा अडलाय! माझ्या नांग्यांनी एवढ्या फांद्या तुटत नाहीत. तुमच्या दातांचा जोर मिळाला, तर वाट मोकळी होईल."

पाणमांजरी वाळूत लोळत होती. ती म्हणाली, "अडला तर अडला. मोठ्या नदीला काय फरक पडतो? उलट आमचा डोह स्वच्छ राहील."

खेकडा परत गेला आणि एकटाच पाला उपसत राहिला.

पुढे कडक उन्हाळा आला. गोदावरीची धार आटत आटत पलीकडच्या काठाला लागली. मधे वाळूचा रुंद पट्टा उघडा पडला आणि डोह नदीपासून सुटा झाला. दर उन्हाळ्यात असेच होत असे. पण दर उन्हाळ्यात ओढ्याची धार डोहात गार पाणी सोडत असे, हे पाणमांजरीच्या कधी लक्षातच आले नव्हते. आता डोह तापला. पाण्यावर हिरवी साय धरली. मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले, मग एकेक करून मरू लागले. पिल्लांची पोटे खपाटीला गेली.

"वर कुणीतरी आपलं पाणी अडवलं असणार!" असे म्हणून पाणमांजरीने नदीवरून उडणाऱ्या एका सुरय पक्ष्याला हाक मारली. "दादा, तुझे पंख लांब आहेत. नदीच्या उगमापर्यंत जा आणि माझं पाणी कुणी अडवलं, ते बघून ये."

सुरय गेला. तो परत आला तेव्हा पाणमांजरी पाणवठ्याच्या चिखलात बसून वाटच पाहत होती.

सुरय म्हणाला, "ताई, मी थेट त्र्यंबकच्या डोंगरापर्यंत जाऊन आलो. तिथे तुझी मोठी नदी म्हणजे एक ओला कडा आहे. थेंब थेंब पाणी गळतं. खाली उतरलं की तिला ओढे मिळतात. मग प्रवरा येते, पूर्णा येते, मांजरा येते. आणि आपल्या जवळची ही प्राणहिता वर्धा-वैनगंगेचं पाणी घेऊन येते. त्या नद्यांनाही त्यांचे त्यांचे ओढे आहेत. त्या सगळ्या मुलखातलं पाणी उतरून इथे येतं, म्हणून तर त्याला गोदावरीचं खोरं म्हणतात. या सगळ्यांना बाजूला काढून उरलेली मोठी नदी मी खूप शोधली. ती कुठेच सापडली नाही."

"आणि माझं पाणी कुणी अडवलं?"

"अडलेला ओढा म्हणशील, तर तो इथूनच दिसतो," सुरय म्हणाला आणि त्याने ऐनाच्या झाडाकडे चोच वळवली.

पाणमांजरी तशीच उठली. पिल्लांना घेऊन ती बांधापाशी गेली. खेकडा अजून पालाच उपसत होता. त्याची एक नांगी मोडली होती.

"मी तेव्हाच यायला हवं होतं रे," ती खालच्या मानेने म्हणाली.

"आलात ना? मग झालं!" खेकडा म्हणाला. "आधी ती बारीक फांदी ओढा मावशी, मोठी आपोआप सैल होईल."

पाणमांजरीने दातांनी फांद्या तोडल्या. पिल्लांनी पंजांनी चिखल ओढला. बुंधा मात्र कुणालाच हलेना. तेव्हा खेकडा त्याच्याखाली शिरला आणि बीळ कोरत कोरत पलीकडे निघाला. त्याच्या पाठोपाठ पाण्याची बारीक धार आली. धारेने माती खाल्ली, वाट रुंदावली आणि पाणी खळखळत डोहाकडे धावले. बुंधा होता तिथेच राहिला. आता त्याखालून ओढा वाहू लागला. थोड्याच दिवसांत डोह निवळला, तळाशी तग धरून राहिलेले मासे पुन्हा खेळू लागले आणि पिल्लांची पोटे गोल झाली.

पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली, तेव्हा काठावर बसून पिल्लांनी सुरयला विचारले, "मामा, इथून पुढे नदी कुठे जाते?"

"पुढे तिला इंद्रावती मिळते, शबरी मिळते. मग ती डोंगरांमधून वाट काढते, सपाटीवर तिला फाटे फुटतात आणि ती समुद्रात जाते. समुद्र केवढा आहे म्हणून सांगू! त्याचा दुसरा काठच दिसत नाही."

धाकट्या पिल्लाने थोडा विचार केला. मग आईकडे वळून ते म्हणाले, "आई, मग समुद्रातले मासे आपल्या गोदावरीला ओढाच म्हणत असतील, नाही?"

शेजारी बसलेला खेकडा इतका हसला, की घसरून पाण्यात पडला. पाणमांजरीलाही हसू आवरेना. "म्हणेनात का," ती म्हणाली, "तिला समुद्रात येऊ देतात ना, तेवढं पुरे."

तात्पर्य : आपले मोठेपण अनेक लहानांनी मिळून दिलेले असते, त्यांच्यातल्या एकाची वाट अडली, तरी ती आपलीच अडली असे समजून धावून जावे.