बोळक्या आजोबांचा गरम केक

एक होती उंदरीण. एवढीशी. नावसुद्धा इवली.

इवलीचे होते आजोबा. आजोबांच्या तोंडात एकही दात नव्हता. सगळे पडले आणि तोंडाचं झालं बोळकं! उंदराला दात नाहीत, म्हणजे बघा काय पंचाईत!

शेंगदाणा? चावत नाही.
खोबरं? चावत नाही.
भाकरीचा पापुद्रा? छे, तोही चावत नाही!

आज आजोबांचा वाढदिवस. आणि आजोबा बसले होते उपाशी.

"मला काही नको गं," आजोबा म्हणाले. पण त्यांचं पोट बोललंच. गुर्रर्र!

इवलीला रडूच आलं. मग तिने डोळे पुसले.

"आजोबा, मी तुमच्यासाठी केक करते. चॉकलेटचा! मऊ मऊ. गरम गरम. चावायचंच नाही, नुसतं गिळायचं!"

इवलीने कणीक आणली. गूळ आणला. लोणी आणलं. एका पणतीत सगळं कालवलं. त्या घरच्या मालनकाकूंचा स्वयंपाक झाला होता. त्यांच्या चुलीत निखारे होते, लाल लाल. निखारे विझायच्या आत केक भाजायचा.

आता राहिलं काय? चॉकलेट!

इवलीकडे होती चॉकलेटची एकच गोळी. चंदेरी कागदातली. इवली ती ढकलत ढकलत निघाली. आणि सुटली की हो गोळी! गडगड, गडगड, गडगड... गेली थेट कोंबडीच्या पोटाखाली.

कोंबडी बसली होती अंड्यांवर. ती कशाला हलतेय!

इवली म्हणाली,
"ताई ताई, जरा उठ.
चॉकलेट मिळेल.
केक होईल.
आजोबा खातील!"

"खुडुक! खुडुक!" कोंबडी म्हणाली. "मी नाही जा! बसून बसून माझ्या पोटात कावळे ओरडतायत. आधी कणी आण तांदळाची. मग उठेन."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

अंगणात मालनकाकू तांदळाची पाटी घेऊन बसल्या होत्या.

"काकू काकू, कणी द्या.
कोंबडी उठेल.
चॉकलेट मिळेल.
केक होईल.
आजोबा खातील!"

"अगं बाई! उंदराचं पोर कणी मागतंय!" काकू हसल्या. "देईन हो. पण तांदूळ पाखडू कशात? सुपाला बघ केवढं भोक! कुणी कुरतडलं, ते घरी जाऊन विचार! राघूदादांना सांग नवं सूप विणायला. मग देईन कणी."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

राघूदादा सुपं विणायचे, टोपल्या विणायचे. आज मात्र नुसते बसले होते.

"दादा दादा, सूप विणा.
काकू कणी देतील.
कोंबडी उठेल.
चॉकलेट मिळेल.
केक होईल.
आजोबा खातील!"

"विणलं असतं गं," राघूदादा म्हणाले. "पण विणू कशाचं? माझ्या डोक्याच्या केसांचं? बांबू संपला! बांबूच्या बेटातल्या बांबूमामांकडून बांबू आण. मग विणीन सूप."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. जाता जाता चुलीत डोकावली. निखारे होते. पण थोडे काळे पडले होते. पळ इवले, पळ!

"मामा मामा, बांबू द्या.
दादा सूप विणतील.
काकू कणी देतील.
कोंबडी उठेल.
चॉकलेट मिळेल.
केक होईल.
आजोबा खातील!"

"कर्र! कर्र!" बांबूमामा करकरले. "देतोय कसला! हा वेल बघ. गळ्याला विळखा घालून बसलाय. हलता येईना, डुलता येईना. शेळीला सांग वेल खायला. मग देईन बांबू."

इवली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले. पण थांबली नाही.

"मावशी मावशी, वेल खा.
मामा बांबू देतील.
दादा सूप विणतील.
काकू कणी देतील.
कोंबडी उठेल.
चॉकलेट मिळेल.
केक होईल.
आजोबा खातील!"

"बें! बें!" शेळी म्हणाली. "वेल? कोवळा कोवळा? खाईन की! पण येऊ कशी? गळ्यात दावं, दावं खुंट्याला. आधी माझं दावं सोडव. मग खाईन वेल."

आता कुणाकडे जायचं? इवलीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. कुणीच नाही! निखारे विझणार. केक राहणार. आजोबा उपाशी झोपणार.

आणि मग तिला काय आठवलं, सांगा बरं?

"अय्या! मला दात आहेत की!"

इवलीने दावं धरलं. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. दावं होतं जाड. दात लागले दुखायला. "आजोबांसाठी!" इवली म्हणाली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम...

तट्!

तुटलं! दावं तुटलं!

मग काय विचारता!

शेळीने वेल खाल्ला. मच मच मच!
मामांनी बांबू दिला. कडाड!
दादांनी सूप विणलं. सर्र सर्र सर्र!
काकूंनी कणी दिली. फट फट फट पाखडून!
कोंबडी उठली. टुक टुक टुक, लागली टिपायला!
आणि चॉकलेट मिळालं!

पण हे काय? गोळी लागली लिबलिबीत. कोंबडीच्या उबेने चॉकलेट पार वितळलं होतं!

मग इवली टुणकन उडाली. "अगं ताई, मला ते वितळवायचंच होतं!"

"मग! फुकट नाही बसले मी," कोंबडी ऐटीत म्हणाली.

इवलीने कागद उघडला. चॉकलेट पणतीत ओतलं. गरगर, गरगर ढवळलं. आणि धावली चुलीकडे.

चुलीत एकच निखारा लाल होता. एवढासा.

"थांब गं बाळ," मालनकाकू म्हणाल्या. त्यांनी फुंकणी घेतली. फूऽऽ! फूऽऽ! झाले निखारे लाल लाल! काकूंनी पणती आत ठेवली. वर ठेवलं झाकण. झाकणावर ठेवले दोन निखारे. खालून ऊब, वरून ऊब.

केक फुगला. फुगला. फुगला. आणि वास सुटला, अहाहा!

वास घेत शेळी आली. राघूदादा आले. कोंबडीसुद्धा मान लांब करून बघायला लागली. इवली केक घेऊन निघाली. सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, शेपूट वर!

"आजोबा, आ करा!"

आजोबांनी आ केला. बोळकं तोंड, त्यात गरम गरम केक.

"चावावं लागलं, आजोबा?"

"छे! नुसता विरघळला!" आजोबा म्हणाले. "दे गं अजून!"

आजोबांनी अजून खाल्ला. अजून खाल्ला. मिशांना चॉकलेट. नाकाला चॉकलेट. पोट झालं गप्प.

मग आजोबा उठले आणि त्यांनी इवलीला उचलून गिरकीच घेतली! "बघा रे बघा," ते सगळ्यांना ओरडून म्हणाले. "माझे दात पडले, तर पडू देत! माझ्या नातीच्या दातांनी मला केक खाऊ घातला!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवा!

पणती झाली रिकामी, पोटं झाली टम्म,
गोष्ट आमची संपली, ढुम ढुम ढम्म!