चुना फासलेला बुंधा

त्या राज्यात मेलेल्या झाडाला उभं राहायची मुभा नव्हती.

आधी तसं नव्हतं. झाड वठलं तरी जागच्या जागी उभं असायचं, आतून मऊ पडत जायचं, आणि त्या मऊ खोडात सुतारीण चोचीनं ढोली कोरायची. दर विणीला नवी ढोली, हा तिच्या कुळाचा रिवाज. जुनीत मग पोपटीण शिरो नाही तर पिंगळीण, सुतारीण वळूनसुद्धा बघायची नाही. त्या दोघींच्या आज्या-पणज्या असल्याच उष्ट्या ढोलीत जन्मल्या. पण स्वतःच्या चोचीनं कधी भोक पाडलेलं नाही, त्यामुळे घर झाडालाच लागतं, फळासारखं, असं दोघी धरून चालल्या होत्या.

मग बगळा राजा झाला. पांढराशुभ्र. वठलेली खोडं त्याच्या डोळ्यांत खुपायला लागली.

"दारात मढी उभी ठेवून कुठलं राज्य पुढं गेलंय? पाडा. हिरवी झाडं लावू, एका ओळीत."

सगळ्यांनी पंख वर केले. पोपटिणीनं तर दोन्ही.

"अगं, तुझं घर जाईल," सुतारीण म्हणाली.

"जाईल कसं? हिरव्या झाडाला हिरवं घर लागेल. तुला बाई मढ्यांचीच गोडी!"

पिंगळिणीनं दिवसाउजेडी डोळे कधी उघडले नव्हते. मिटल्या डोळ्यांनीच तिनं मान हलवली.

एकेक खोड पडत गेलं, ओळी वाढत गेल्या. शेवटचं खोड आडवं झालं तेव्हा सुतारिणीच्या पोटात अंडं होतं.

ती हिरव्या झाडाला भिडली. ओलं लाकूड चोच आत घेईना. खपली निघाली की चीक यायचा नि भोक बुजून जायचं. दुसऱ्या झाडावर तेच, तिसऱ्यावर तेच. चोचीचं टोक फुटलं, तशी ती राजाकडे गेली.

"महाराज, एक तरी मेलेलं झाड द्या."

"झाडं काय कमी आहेत?" बगळा एका पायावरून म्हणाला. "एवढी कधी होती का या राज्यात? तुम्हा लोकांना चांगल्यात खोटच दिसते. जरा कष्ट कर की."

सुतारिणीनं फुटकी चोच पुढं केली. बगळा पाण्यात बघत होता.

अंडं काही राजाचा हुकूम मानत नाही. भर दुपारी कळ आली, आणि हाताशी होता तो तोडल्या झाडाचा बुंधा. शोभा यावी म्हणून त्याला चुना फासलेला. तिथं, उघड्यावर, सुतारिणीनं अंडं घातलं. पांढरंफेक. ज्याला अंधारात जन्मायचं त्याला ठिपके कशाला नि रंग कशाला? आता उन्हात ते आभाळातून दिसावं असं चमकलं. कावळ्यांनी पाहिलं. येऊन ओळीत बसले, काही घाई नसल्यासारखे.

सुतारीण पंख पसरून बसली. पाण्यालासुद्धा उठेना.

पोपटीण आली ती अवघडलेली, धापा टाकत. "सरक गं जरा."

सुतारीण सरकली.

मागून पिंगळीण आली, ठेचकाळत, भर उन्हात डोळे टक्क उघडे ठेवून.

आता बुंध्यावर तिघींची अंडी होती, सगळी पांढरी, कुठलं कुणाचं ते आईलाही सांगता येऊ नये अशी. सुतारिणीनं पंख ताणले. एक कावळा खाली उतरला. तिनं आणखी ताणले. इकडचं झाकलं की तिकडचं उघडं पडत होतं.