कार्डाचं माहेर

तारेत पाय अडकला आणि टेकडापूरचे दुर्जयराजे भर दरबारात पालथे पडले! मुकुट घरंगळत परदेशी वकिलाच्या पायाशी गेला. वकिलाने तो अदबीने उचलून दिला खरा, पण हसू काही त्याला आवरेना. झालं! महाराजांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

तार होती राजवाड्यातल्या कॉम्प्युटरच्या इंटरनेटची, आणि कॉम्प्युटर सांभाळायचा रखमाजी. रखमाजीकडे जगात अभिमान बाळगावा अशा दोनच गोष्टी होत्या. एक त्याची लेक येसू, दुसरी त्याची मिशी. मिशी अशी झुपकेदार, की आधी ती दारातून आत यायची आणि मागून रखमाजी!

"काढ ती तार!" महाराज गरजले. "पाडव्याच्या दरबारात इंटरनेट बिनतारी पाहिजे!"

"जी महाराज! वायफाय कार्ड बसवतो. फक्त आतली ऑपरेटिंग सिस्टीम तेवढी बदलावी लागेल. फार जुनी झालीय."

"खबरदार! ती आमच्या आबासाहेबांनी घातलेली आहे. आज म्हणतोस सिस्टीम बदला, उद्या म्हणशील बाप बदला!"

"मग त्याच काळातलं एखादं वापरलेलं कार्ड..."

"आम्ही राजे! लोकांचं उतरलेलं वापरू? सिस्टीम जुनीच, कार्ड कोरंच! नाही जमलं तर पाडव्याला भर दरबारात तुझी मिशी उतरवू!"

रखमाजीने बाजारातलं सगळ्यात महागडं कार्ड आणलं. त्याला अँटेनांची तीन शिंगं, वर निळा दिवा. कॉम्प्युटरने पडद्यावर लिहिलं, 'अनोळखी वस्तू!' दुसरं आणलं, सोनेरी. 'अनोळखी वस्तू!' तिसरं आणल्यावर तर कॉम्प्युटर काही न लिहिता बंदच पडला. तिकडे राजवाड्याचा न्हावी अंगणात बसून वस्तऱ्याला धार लावू लागला. तो आवाज ऐकून बिचारा रखमाजी आरशापुढे बसून मिशीला उगाचच गोंजारत राही.

बापाचं ते तोंड पाहून येसूचा जीव तुटायचा. पण हातातलं काम सुटत नव्हतं. ती राजमाता आईसाहेबांच्या दिमतीला होती, आणि आईसाहेबांना सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरत! वय झालेलं, नव्या माणसाची ओळख म्हणून पटायची नाही.

त्या दिवशी स्वयंपाकिणीची नवी सून दूध घेऊन आली. आईसाहेबांनी काठीच उगारली.

"कोण गं तू? चोरटी कुठली!"

"मी शेवंता जगदाळे, आईसाहेब."

"जगदाळे? आमच्या ओळखीत नाही कुणी! चालती हो!"

येसू मध्ये पडली. "अहो आईसाहेब, जगदाळे हे सासरचं नाव. माहेरची ती धुमाळांची. तुमच्या बालपणीच्या मैत्रिणीची, पार्वतीबाईंची नात!"

"अगोबाई! पार्वतीची नात? मग आधी का नाही बोललीस? ये, बस! दूध आण इकडे."

येसूने पेला आईसाहेबांच्या हाती दिला, शेवंताला तिथेच बसवलं आणि पदर खोचून थेट कार्डाचं दुकान गाठलं.

"काका, या कार्डांचं माहेर कुठलं?"

दुकानदार चष्म्यावरून बघतच राहिला. "पोरी, ऊन लागलं का तुला?"

"खोक्यावर कंपनीचं नाव आहे ते झालं सासर. आत चिप आहे ती कुणाकडची? थोरल्या महाराजांच्या काळात कुठली चिप चालायची?"

"तेव्हा ना? तेव्हा घरोघरी टिटवी चिप! त्या सिस्टीमच्या पोटातच तिची ओळख भरलेली असायची."

"मग तीच टिटवी आज कुठल्या नव्या खोक्यात नांदतेय?"

दुकानदाराने डोकं खाजवलं, स्टुलावर चढला आणि माळ्यावरून एक फिकट खोका काढला. "हे घे. कोरं आहे, यंदाच आलंय. चिप मात्र तीच टिटवी. वेगाला बेताचं, दिसायला त्याहून बेताचं. म्हणून गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही."

पाडव्याचा दरबार भरला. एका बाजूला न्हावी वस्तरा उघडून उभा, दुसऱ्या बाजूला रखमाजी डोळे मिटून उभा. येसूने खोका उघडला तसे महाराज फिस्कन हसले.

"हे कार्ड? शिंग एकच, आणि तेही वाकडं!"

"महाराज, सोयरीक करताना शिंगं कुणी मोजतं का?"

रखमाजीने कॉम्प्युटरची पेटी उघडली, कार्ड बसवलं, बटण दाबलं आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. आबासाहेबांच्या वेळची ती टुंडुडुंग धून वाजली. सवयीने महाराजांनी हात जोडले. पडद्यावर अक्षरं उमटली, 'ओळख पटली!' आणि बिनतारी इंटरनेट सुरू! धावत नव्हतं, रांगत होतं, पण सुरू होतं!

"अगं, इतकी महागडी कार्डं हरली, आणि हे कसं जिंकलं?" महाराजांनी विचारलं.

"माझ्या बाबांनी कार्डाचं सासर पाहिलं, महाराज. मी माहेर विचारलं."

दरबारात हशा पिकला. रखमाजीने एक डोळा उघडला. पण महाराजांचा हट्ट तो! त्यांनी हात वर केला.

"थांबा! दरबारात उघडलेलं पातं कोरडं मिटायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे. तलवार असो की वस्तरा! आता काहीतरी उतरलंच पाहिजे!"

रखमाजीने उघडलेला डोळा पुन्हा मिटला. न्हावी पुढे सरकला. मिशी आणि वस्तरा यांच्यामध्ये येसू जाऊन उभी राहिली.

"रीत मोडून कसं चालेल, महाराज? पण आधी मान वडीलधाऱ्यांचा!" असं म्हणून तिने कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीकडे बोट केलं. आत पंख्याला धुळीची आणि कोळिष्टकांची हातभर दाढी लोंबत होती! "आबासाहेबांच्या कॉम्प्युटरची दाढी त्यांच्यामागे एकदाही झाली नाही. सणासुदीला हे बरं दिसतं का?"

महाराजांनी वाकून आत पाहिलं आणि जे हसत सुटले, की मुकुट पुन्हा घरंगळला! या खेपेला तो कुणी उचलायलाही गेलं नाही, कारण परदेशी वकिलासकट सगळा दरबार पोट धरून हसत होता. न्हाव्याने कॉम्प्युटरच्या गळ्यात पंचा बांधला आणि वाजतगाजत त्याची दाढी केली.

येसूला महाराजांनी सोन्याचे तोडे दिले. आणि रखमाजीला सरकारी गोठ्यातून रोज लोण्याचा गोळा मिळू लागला, फक्त मिशीसाठी!