नटावरची लाल रेघ

"पण बाई, माझी अक्कल मी चव्हाट्यावर का मांडायची?"

निनाद गुंजाळचा आवाज हँगरभर घुमला. समोर चौबळबाई. तीस वर्षं विमानं तपासण्यात गेलेल्या. त्यांची सही झाल्याशिवाय इथलं एकही विमान जमीन सोडत नसे.

निनादनं विमानासाठी कृत्रिम बुद्धी घडवली होती. इंजिन बंद पडलं, तर उतरायला सपाट जागा ती स्वतः निवडणार. उद्या सकाळी कॅप्टन रेगे तिची परीक्षा घ्यायला वर जाणार होते. घोडं अडलं होतं ते बाईंच्या सहीपाशी: काम सगळ्यांना वाचायला खुलं ठेव, मगच सही, असा त्यांचा हट्ट.

"ज्या साधनांनी घडवलीस, ती कुणाची?" बाईंनी विचारलं.

"ती... खुली आहेत. जगभरच्या लोकांची. कुणीही वाचावीत, वापरावीत."

"आणि तुझं काम?"

"तेही खुलंच होतं. परवा कुलूप घातलं."

"का रे?"

निनादचे कान लाल झाले.

"जतच्या कुणा माणसानं लिहिलं, की कोरडं शेततळं तुमच्या यंत्राला सपाट रान वाटतं. सगळ्यांदेखत लिहिलं, बाई! एक फोटो काय सापडला त्याला..."

बाईंनी पाना त्याच्या हाती दिला आणि विमानाच्या पंख्यामागचा एक नट दाखवला.

निनादनं तो जीव खाऊन आवळला. मग नटावर लाल रेघ ओढायला ऐटीत ब्रश उचलला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

आवळणाऱ्यानं रेघ ओढायची नाही, हा इथला जुना रिवाज. दुसऱ्यानं येऊन नट तपासायचा आणि त्यानंच रेघ ओढायची. पहिल्या दिवशी शिकवतात हे. आमचे हुशार साहेब नेमके तेच विसरले होते.

बाईंनी ब्रश घेतला. डोळे गच्च मिटले आणि चाचपडत रेघ ओढली. थोडा रंग नटावर लागला, बाकीचा पत्र्यावर.

"अहो बाई! नट पाहिलात तरी का?"

"तू तुझं काम दाखवतोयस?"

निनादच्या डोळ्यांसमोर कॅप्टन रेगे आले. बंद पडलेलं इंजिन दिसलं, आणि खाली ते कोरडं तळं.

त्यानं आधी रेग्यांना फोन लावला. "उद्या नको, कॅप्टन." मग तिथंच खाली बसून लॅपटॉप उघडला, कुलूप काढलं आणि जतच्या माणसाला लिहिलं, तुमचं बरोबर होतं, आणखी फोटो असतील तर पाठवा.

"तळ्याचं दुरुस्त करतो, बाई. मग तरी सही द्याल?"

"आणखी एक चूक निघू दे."

"आणि नाहीच निघाली तर?"

बाई फडक्यानं पत्र्यावरचा रंग पुसत होत्या.

"तर समज, तुझं काम अजून कुणी वाचलेलं नाही."