शेजारी बसलेला मुलगा

फोटोत काय वाटेल ते घालता येतं असं ज्याला वाटतं, त्यानं बार्शीच्या बबनशेठची गत ऐकावी.

आईची पंचाहत्तरी आली. चौकात मोठा फ्लेक्स लावायचा म्हणून शेठनी तिला गावाहून आणवलं आणि मुजावरच्या स्टुडिओत बसवलं. स्वतः शेठचं पाऊल मात्र गावाकडे कित्येक वर्षांत पडलं नव्हतं.

"कॉम्प्युटरवर आईला बोरमाळ घाल, पाटल्या घाल," दुसऱ्याच कुणाशी फोनवर बोलता बोलता शेजारी उभे शेठ मुजावरला म्हणाले. "आणि माझा जुना फोटो शेजारी जोड, आईला बिलगून बसल्यासारखा. मला बसायला वेळ नाही."

मुजावरनं तसं केलं. शेठनी ऐटीत विचारलं, "कसं झालंय आई?"

म्हातारीनं पडद्याकडे निरखून पाहिलं. "दागिने राहू दे रे बाळा," ती मुजावरला म्हणाली. "गाव म्हणेल, लेकानं केले असतील. पण हा शेजारी बसलाय ना, त्याला तेवढा काढ. ते कुणाला खरं वाटायचं नाही."

शेठनी फोन बंद केला. स्टूल ओढून ते आईशेजारी बसले. "शेठ, वर बघा," मुजावर म्हणत राहिला, पण शेठची मान काही वर होईना. शेवटी त्यानं तसाच फोटो काढला.

फ्लेक्स लागला तेव्हा चौकातली माणसं म्हणाली, "एवढा मोठा माणूस, पण आईपुढं बघा किती नम्र."

शेठ तेव्हापासून मागच्या गल्लीनं दुकानात जातात.