हात वाळेपर्यंत

एकदा एक विद्यार्थी आपल्या गुरूंच्या घरी भांडायला गेला. पूर्वी शिष्य गुरूकडे जात तेव्हा त्यांच्या हाती समिधा असत, असे आपण ऐकतो. याच्या हाती एक वही होती. दोन वर्षे खपून तिच्यात त्याने आपल्या शेजारी बसणाऱ्या विद्यार्थिनीच्या चुका लिहून ठेवल्या होत्या.

हे गुरू म्हणजे कोणी जटाधारी ऋषी नव्हेत. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. तारुण्यात स्पेनमधल्या एका डोंगराळ गावी छापखान्यात त्यांनी अकरा वर्षे काम केले होते. परतल्यावर पस्तीस वर्षे ते इथल्या मुलांना ती भाषा शिकवत आले. सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणत. आपणही तेच म्हणू.

विद्यार्थ्याचे नाव श्रीरंग. हुशार, यात शंका नाही. स्पेनचे राजे त्याला क्रमाने पाठ, नद्या पाठ, कोणत्या प्रांतात कोणते पक्वान्न करतात तेही पाठ. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर त्याने दोन हजार शब्द अर्थासह लिहून त्यांचे गठ्ठे बांधले होते.

शेजारी बसणारी तस्नीम सकाळी औषधांच्या दुकानात काम करून धावतपळत वर्गात येई. तिचे व्याकरण म्हणजे आनंदच होता. तरीही कोणी स्पॅनिश पाहुणा वर्गात आला, की थोड्याच वेळात तो तस्नीमशी बोलत असे. श्रीरंगच्या निर्दोष वाक्यांना पाहुणे ‘उत्तम, उत्तम’ म्हणत आणि पुन्हा तिच्याकडे वळत.

श्रीरंगला तिचा हेवा वाटे. खरे तर हा शब्दही सौम्य झाला. त्याच्या पोटात दुखे. आपण रात्रंदिवस घासायचे आणि कौतुक हिचे, हा विचार त्याला जेवताना, आंघोळ करताना, देवापुढे हात जोडतानाही सोडत नसे. म्हणून त्याने वही सुरू केली. ती बोलू लागली की याचे पेन चालू लागे. एखादा दिवस ती कमी चुकली, तर याचा तो दिवस वाईट जाई.

सरांच्या त्या गावातल्या जुन्या स्नेही, दोन्या तेरेसा, दरवर्षी एका विद्यार्थ्याला सहा महिने आपल्या घरी ठेवून घेत. दोन्या म्हणजे आपण आदराने ‘बाई’ म्हणतो तसे. खायला, राहायला त्यांच्याकडे. बदल्यात घरात सोबत. यंदा त्या स्वतःच भारतात आल्या होत्या, आणि कोणाला न्यायचे ते त्याच ठरवणार होत्या. श्रीरंग आणि तस्नीम अशी दोनच नावे उरली, तेव्हा सरांनी तिघांना एका दुपारी जेवायला बोलावले.

श्रीरंग तीस प्रश्न तयार करून गेला. जेवताना त्याने राजांविषयी विचारले, नद्यांविषयी विचारले. दोन्या तेरेसांनी बोटांतून निसटणारा वरणभात सावरत प्रत्येकाचे उत्तर दिले. तस्नीम निमूटपणे जेवत होती. जेवण संपले, आणि श्रीरंगने तेच केले, जे आपल्या घरातले कोणतेही वळण लागलेले मूल करील. तो उठला. खरकट्या हाताने बसून राहू नये, असे त्याच्या आईने लहानपणापासून बजावले होते. त्याने हात धुतला, ताटे उचलली, दोन्या तेरेसांच्या पुढ्यातलेही उचलले, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. आपले हे वळण पाहुणीच्या नजरेत भरेल, याची त्याला खात्री होती.

“श्रीरंग, ये, बस,” सरांनी हाक मारली.

“झालंच, सर!”

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा बोलावले. तेव्हा तो कुकर घासत होता. बाहेर तस्नीम अडखळत बोलू लागली होती. एक चूक, दुसरी, तिसरी. श्रीरंगने ओले हात पँटला पुसले आणि ओट्यावर वही उघडली. बाहेर मध्येच हसू ऐकू येई, मध्येच कितीतरी वेळ सारे शांत होई. हसू ऐकले की याचा जळफळाट होई. दीड तासाने तो बाहेर आला, तर दोन्या तेरेसांनी तस्नीमचा डावा हात हातात धरला होता. दोघींच्या उजव्या हातांवर भाताची शिते वाळली होती आणि म्हातारीचे डोळे ओले होते. नाटकी आहे ही मुलगी, असे श्रीरंगने मनात म्हटले.

दोन दिवसांनी निरोप आला, तस्नीम जाणार. तिसऱ्या दिवशी भर दुपारी श्रीरंग वही घेऊन सरांच्या दारात उभा राहिला.

“सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“जेवलास?”

“मी जेवायला नाही आलो.”

“ते दिसतंय. पण मला भूक लागलीय. दोन घास खा, मग हवं तेवढं भांड.”

भाकरी होती, वांग्याचे भरीत होते, वरणभात होता. रागाच्या भरात माणूस जरा जास्तच जेवतो. श्रीरंगने भात दोनदा घेतला. शेवटी हात धुवायला उठला, तर नळाला पाणी नाही. न्हाणीघरात गेला, तिथेही नाही. बादलीसुद्धा पालथी.

“सर, पाणी गेलंय.”

“गेलं नाही. तुला चौकातून येताना गॅलरीतून पाहिलं आणि गच्चीवर जाऊन आपला कॉक बंद करून आलो.”

“कशासाठी?”

“बस.”

म्हातारपणी डोके फिरले की काय, असे श्रीरंगला वाटले. पण खरकटा हात घेऊन रस्त्यावर थोडेच जाता येते? तो पुन्हा खुर्चीवर बसला. ताट समोर तसेच, हात ताटावर तसाच. काहीतरी करायचे म्हणून त्याने डाव्या हाताने वही उघडली.

“दोन वर्षांतल्या तिच्या चुका आहेत ह्या. चारशे बारा. आणि तुम्ही तिला जाऊ देताय.”

“वाच की. वेळ आहे आपल्याला.”

त्याने वाचायला सुरुवात केली. सर खरोखरच लक्ष देऊन ऐकत होते. दोन ठिकाणी तर “अरेरे” म्हणाले. शेवटचे पान आले तसे ते पुढे सरकले.

“हे पान कधीचं?”

“त्या जेवणाच्या दिवसाचं. एकवीस चुका, एका बैठकीत! एकट्या वडिलांबद्दल बोलताना सात.”

“वडिलांबद्दल काय म्हणाली ती?”

“क्रियापदं चुकवली सगळी.”

“ते ऐकलं मी. सांगत काय होती?”

श्रीरंगने पानावर पाहिले. तिथे साती चुका नीट क्रमांक घालून लिहिलेल्या होत्या. ती काय सांगत होती, ते त्यात कुठेच नव्हते.

“आठवत नाही, सर.”

“तिचे वडील सतारी जुळवायचे,” सर म्हणाले. “तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हात गेला आणि बोलणंही अडखळलं. एक वाक्य पुरं करायला त्यांना कधीकधी पंधरा मिनिटं लागतात. संध्याकाळी जेवण झालं की ही पोरगी त्यांच्यासमोर बसते आणि वाक्य संपेपर्यंत उठत नाही. मधला शब्द आपण सुचवला तर त्यांना रडू येतं म्हणे, म्हणून सुचवतही नाही. दोन्या तेरेसाचा नवराही शेवटचं वर्षभर असाच होता. बाईनं हे मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तस्नीमला सांगितलं.”

श्रीरंगच्या बोटांवरचा भात सुकून कातडी ओढल्यासारखी होऊ लागली होती. हात धुवायची सोय असती, तर तो एव्हाना उठून गेला असता.

“मला तिचा हेवा वाटतो, सर,” तो शेवटी म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. ती आली की लोक खुर्ची ओढून बसतात. माझ्याजवळ कोणी बसत नाही. मला वाटलं, अजून थोडं पाठ केलं की बसतील.”

सरांनी मान हलवली.

“सोब्रेमेसा. या शब्दाची चिठ्ठी असेल ना तुझ्याकडे?”

“आहे. जेवण झाल्यावर ताटं न उचलता, गप्पा मारत तिथंच बसून राहायची स्पॅनिश लोकांची रीत.”

“अर्थ बरोबर आहे. तस्नीमला हा शब्द आजही माहीत नाही. तिकडे गेल्यावर मी तेरेसाच्याच घरी जेवायचो. पहिला महिना मीही तुझ्यासारखाच उठायचो. ताट उचलायचो, घासायचो, वर वाटायचं काय छान वळण आहे आपल्याला. तेरेसाची सासू मनातून खट्टू व्हायची, की या पोराला आमची सोबत नको आहे. एके दिवशी तिनं माझी खुर्ची भिंत आणि टेबलाच्या मध्ये अशी कोंबली, की मला उठताच येईना. त्या दुपारी मी पहिल्यांदा ती भाषा ऐकली. तिच्याकडं खुर्ची होती, माझ्याकडं कॉक आहे, एवढाच फरक. तुझी भाषा तस्नीमपेक्षा चांगली आहे, श्रीरंग, हे मी कोणापुढंही सांगेन. पण त्या दिवशी तू उठलास तो मदतीला नव्हे, आपण दिसावं म्हणून. आणि आतून कान लावलास तो चुका टिपायला. हेवा वाटणारा माणूस फार बारकाईनं ऐकतो रे, पण समोरच्याचं बोलणं तेवढं त्याच्या कानांवर येत नाही.”

“म्हणजे निर्णय बदलणार नाही.”

“नाही.”

“पुढच्या वर्षी?”

“तेरेसा ब्याऐंशी वर्षांची आहे. पुढच्या वर्षाचं मी काय सांगू?”

श्रीरंगला रडू आले, आणि उजवा हात खरकटा असल्याने त्याने डोळे डाव्या बाहीला पुसले. मग स्वतःच गच्चीवर जाऊन त्याने कॉक उघडला.

तस्नीम निघण्याच्या आठवड्यात सरांकडे पुन्हा जेवण झाले. श्रीरंगची वही खिशात होतीच. ती फाडून टाकण्याइतका तो अजून मोठा झाला नव्हता. जेवण संपताच त्याचे पाय सवयीने उठू लागले. त्याने ते दाबून धरले. तस्नीम काहीबाही बोलत होती, मध्ये दोन चुका झाल्या, त्या त्याला नेमक्या कळल्याही. पण तो बसून राहिला. मग बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि त्या वेळात तस्नीम हळूच म्हणाली, “मी जाणार नाही बहुतेक. अम्मीला संध्याकाळची शिलाईची कामं असतात. अब्बांसमोर बसणार कोण?”

एका क्षणात श्रीरंगच्या मनात काय आले, ते तुम्ही ओळखले असेलच. ती गेली नाही, तर जागा रिकामी होते. आता नुसते गप्प बसायचे, की झाले. हा विचार आला, आणि तो आल्याची त्याला लाजही वाटली. सर ताटातल्या मिठाकडे बघत होते.

“मी बसेन,” श्रीरंग म्हणाला. “रोज येईन संध्याकाळी.”

ती गेली. तिथून तिने फोटो पाठवला, लांब टेबल, त्याभोवती दहा माणसे, मधोमध ती. त्या दिवशी श्रीरंगच्या पोटात पुन्हा दुखले आणि चांगलेच दुखले. तरी संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. अम्मींनी रोजच्यासारखे आग्रहाने वाढले. जेवण झाले तशा त्या शिलाई घेऊन आत गेल्या आणि अब्बांनी एक वाक्य सुरू केले. पहिला शब्द आला. दुसऱ्यासाठी त्यांचे ओठ हलत राहिले. पुढचा शब्द कोणता, ते श्रीरंगला केव्हाच कळले होते. त्याने तो सुचवला नाही.

मग अब्बांची नजर श्रीरंगच्या खरकट्या हाताकडे गेली. “हात…” ते म्हणाले. पुष्कळ वेळाने म्हणाले, “तुझा… वाळला.”

“वाळू दे, चाचा,” श्रीरंग म्हणाला. “तुम्ही सांगा.”