खोट्या सुनेशी भांडण

व्हिसाच्या साहेबांनी बायकोला भारतात आणायचा अर्ज तिसऱ्यांदा फेटाळायला पेन उचललं आणि हणमंताच्या तोंडचं पाणी पळालं. तिकडे पेरू देशात त्याची बायको लुसिया वाट बघून खंगत चालली होती.

"तुम्ही दोघं एकत्र राहिलाच नाहीत. लग्न खोटं आहे," साहेब गुरकावले.

तेव्हा हणमंताच्या शेजारी बसलेल्या त्याच्या आजारी आई, शेवंताबाई, म्हणाल्या, "साहेब, ही सून आमटीत साखर घालते म्हणून मी तिच्याशी रोज फोनवर भांडते. तीही तोडक्या मराठीत उलट बोलते. खोट्या सुनेशी कुणी असं भांडतं का?"

साहेबांच्या घरीही सासू-सून होत्या. त्यांनी मंजुरीची सही केली.

शेवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "लवकर येऊ दे हो तिला. समोरासमोर भांडायला माझ्याकडे फार दिवस उरले नाहीत."